सुन्नतीआधी मामूची चौकशी

आम्ही तिघी बहिणी. थोरल्या दोघी शिरूरला, धाकटी दौंडला दिलेली. धाकटीच्या मुलाची सुन्नत तो चार वर्षांचा झाल्यावर मे महिन्याच्या सुट्टीत करायची ठरली. तयारी आपल्याकडे असते तशीच. हिरवी शेरवानी, फुलांचा सेहरा, बिर्याणीची देग, आणि छोट्या दुल्हेराजाला घोड्यावरून मशिदीपर्यंत मिरवत न्यायची दादीची हौस. सुन्नत करायला जे चाचा आले त्यांनी आसपासच्या गावांतल्या दोन पिढ्यांच्या मुसलमान्या केलेल्या. हात सफाईदार, तोंडात बिस्मिल्ला. पाच मिनिटांत काम उरकले, मुबारकबादी झाली, पोराच्या हातात पन्नासच्या नोटा जमल्या.

जोहरनंतर पट्टी भिजली. बदलली. असरच्या वेळी पुन्हा भिजली. घरातल्या मोठ्यांनी ‘मूल हलले असेल’ म्हणून समजूत घातली. मगरिबपर्यंत पोर पांढरेफटक पडले. जवळच्या एका दवाखान्यात टाके घातले, तर टाक्यांच्या छिद्रांतून रक्त झिरपू लागले. रात्री १०८ ची गाडी बोलावून पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी जखमेकडे पाहण्याआधी आमच्या बहिणीला विचारले, “तुमच्या माहेरी कोणाला असं रक्त जायचं का? भाऊ, मामा, मावशीची मुलं?”

आम्ही तिघींनी एका सुरात नाही म्हटले. आम्हाला भाऊच नाही. मग कोपऱ्यात तसबीह घेऊन बसलेली अम्मी हळूच म्हणाली, “माझा मोठा भाऊ सात वर्षांचा असताना गेला. दुधाचा दात पडला आणि रक्त थांबलंच नाही. सगळे म्हणायचे, नजर लागली.”

त्या मामूचे नावसुद्धा आम्ही कधी ऐकले नव्हते.

दोन दिवसांत निदान झाले: हिमोफिलिया ए. रक्त गोठवणारा एक घटक, ज्याला डॉक्टर फॅक्टर आठ म्हणतात, तो या मुलाच्या शरीरात फार कमी. तो घटक शिरेतून दिल्यावर रक्त थांबले. अल्लाहचे लाख शुक्र, पोर वाचले. चाचांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या जागी मोठा सर्जन असता आणि त्यानेही काही न विचारता हात घातला असता, तर हेच झाले असते.

पुढचे दोन आठवडे तपासण्यांसाठी पुण्यात राहणे भाग होते. आमच्या एका नातलगाची खोली रास्ता पेठेत आहे, तिथे थांबलो. शेजारी एक आजी राहतात, निवृत्त नर्स, बेने इस्राएल समाजाच्या. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. ज्यू म्हटले की आज आपल्या मनात पहिल्यांदा पॅलेस्टाइनच्या बातम्या येतात, आमच्याही आल्या. पण या आजी पुण्यातच वाढलेल्या, आणि त्यांचे वाडवडील रायगडच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, त्यांची आम्ही लेकरे, अशी त्यांच्यात परंपरेने सांगतात. आडनावे रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर अशी गावांवरून. रास्ता पेठेत त्यांचे सुक्काथ शेलोमो हे प्रार्थनास्थळ आहे. कॅम्पातले लाल देवळ बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी उभारले, आणि आपण शिरूर-दौंडची माणसे ‘ससूनला नेलं’ म्हणतो ते रुग्णालयही त्यांच्याच देणगीतून उभे राहिले.

आजींचे वडील रेल्वेत होते. काही वर्षे दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये काढलेली. आमच्या भाच्याची हकिगत ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “बाळांनो, आमच्यात हे आधी विचारतात. आईच्या माहेराकडचं. ते आमच्या शरीयतीतच आहे म्हणा ना.”

शरीयत हा शब्द त्यांनी आमच्यासाठी वापरला, पण फार लांबचा नव्हता. बेने इस्राएलांच्या धर्मप्रमुखालाही पूर्वी काजीच म्हणत. डेव्हिड राहाबी नावाच्या विद्वानाने कोकणात येऊन झिराड, शापूरकर आणि राजपूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले आणि त्यांच्याकडे काजीपद आले. हे काजी गावोगाव फिरून लग्ने लावायचे, सुन्नत करायचे, भांडणे मिटवायचे. राहाबी आले तेव्हा या लोकांकडे धर्मग्रंथ नव्हते, भाषा मराठी झाली होती, पण शनिवार पाळणे, खवले असलेलेच मासे खाणे, शेमा नावाची प्रार्थना आणि मुलग्याची सुन्नत एवढे त्यांनी सोडले नव्हते. बाकी सगळे विसरले तरी चालेल, पण हे नाही, असा तो हट्ट असावा. आपल्याकडच्या कित्येक घरांत नमाज सुटते, सुन्नत सुटत नाही, त्याची आठवण झाली.

त्यांच्या भाषेत सुन्नतीला मिलाह म्हणतात आणि करणाऱ्याला मोहेल. मूळ आपल्यासारखेच हजरत इब्राहीम (अलै.) यांच्यापाशी. तौरातच्या परंपरेप्रमाणे त्यांची सुन्नत वयाच्या ९९ व्या वर्षी झाली, त्याच दिवशी हजरत इस्माईल (अलै.) यांची, तेव्हा ते १३ वर्षांचे होते. पुढे हजरत इसहाक (अलै.) जन्मले, त्यांची आठव्या दिवशी. आपल्या बुखारी शरीफच्या हदीसमध्ये हजरत इब्राहीम (अलै.) यांचे वय ८० सांगितले आहे. ज्यूंनी इसहाकांचा आठवा दिवस धरला. आपल्याकडे दिवस पक्का ठरलेला नाही. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हसन आणि हुसैन (रजि.) या नातवंडांची सुन्नत सातव्या दिवशी केल्याची रिवायत आहे. पण आपल्याकडे कोणी सातव्या दिवशी करते, कोणी सातव्या वर्षी.

हा आठवा दिवस मोजण्याची त्यांची रीत ऐकून आम्हाला मौज वाटली. जन्माचा दिवस हा पहिला धरायचा, आणि दिवस बदलतो सूर्यास्ताला, जशी आपली चांदाची तारीख मगरिबला बदलते. म्हणजे शुक्रवारी दुपारी जन्मलेल्या मुलाची मिलाह पुढच्या शुक्रवारी. पण तेच मूल शुक्रवारी अंधार पडल्यावर जन्मले, तर ते शनिवारचे. सूर्य बुडाला पण तारे दिसले नाहीत अशा संधिकाळात जन्मले, तर संशय नको म्हणून एक दिवस पुढे. विधी दिवसाउजेडीच, रात्री कधीही नाही. आणि आठवा दिवस शनिवारी आला तरी करायचीच. ज्या शब्बातच्या दिवशी ते चूल पेटवत नाहीत, त्या दिवशी सुरी चालते. मिलाहचे वजन एवढे मोठे. (सिझेरियनने झालेल्या मुलाची मात्र शनिवारी करत नाहीत, रविवारी करतात.)

आजींच्या धाकट्या भावाचा जन्म दौंडच्या क्वार्टरमधला. आठव्या दिवशी मोहेल पुण्याहून सकाळच्या गाडीने आले. पाहुणे जमले होते, स्वयंपाक तयार, एलियाहू हनावींसाठी खुर्ची मांडलेली. हे एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास (अलै.). प्रत्येक मिलाहला ते हजर असतात अशी श्रद्धा, म्हणून एक खुर्ची त्यांच्यासाठी रिकामी. मोहेलांनी बाळाला खिडकीशी नेले, अंगठ्याने कपाळाची कातडी दाबून रंग पाहिला, डोळ्यांची पांढरी बुबुळे पाहिली आणि म्हणाले, “आज नाही.” बाळाला कावीळ होती. आजींच्या आजोबांनी खूप विनवले. एवढी माणसे आलीत, लोक काय म्हणतील. मोहेल जेवले आणि दुपारच्या गाडीने परत गेले. मिलाह बाविसाव्या दिवशी झाली.

“आणि त्या वेळी शनिवार आला असता तर?” आम्ही विचारले.

“मग रविवारी. एकदा पुढे ढकलली की तिला शब्बात मोडायचा हक्क नाही. घाई संपली ना!”

नियम असा आहे. मूल पिवळे असेल तर रंग निवळेपर्यंत थांबायचे. ताप किंवा सगळ्या अंगात भिनलेला आजार असेल तर बरे झाल्यावर पुरते सात दिवस मोजायचे. डोळे येण्यासारखी एका जागेची तक्रार असेल तर ती बरी झाली की करायची. मूल फार अशक्त किंवा कमी वजनाचे असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत नाही. शब्बातपेक्षा मिलाह मोठी आणि बाळाचा जीव मिलाहपेक्षा मोठा, अशी ती उतरंड आहे.

मग आजींनी त्या चार बहिणींची गोष्ट सांगितली, आणि आम्ही तिघी एकमेकींकडे पाहतच राहिलो.

ज्यूंच्या तल्मूद या ग्रंथात ती आहे. पॅलेस्टाइनच्या सिप्पोरी गावात चार बहिणी होत्या. पहिलीने मुलाची मिलाह केली, मूल दगावले. दुसरीने केली, तिचेही. तिसरीचेही. चौथी बाळ घेऊन शिमोन बेन गमलिएल या धर्मपंडितांकडे गेली. ते म्हणाले, करू नकोस. हे दीड हजार वर्षांहून जुने आहे. रक्तातल्या घटकाचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, पण हा दोष बहिणीबहिणींतून, म्हणजे आईच्या बाजूने उतरतो, हे त्यांनी ओळखले होते. पुढे मूसा बिन मैमून यांनी हा नियम लिहून पक्का केला. हे ज्यू विद्वान सुलतान सलाहुद्दीनच्या काळात कैरोच्या दरबारी हकीम होते आणि वैद्यकावर अरबीत लिहीत. एका बाईची दोन मुले मिलाहमुळे गेली तर तिसऱ्याची वेळेवर करायची नाही, मग तो दुसऱ्या नवऱ्याचा का असेना. कारण त्यांनी असे दिले की मिलाह नंतरही करता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही.

आमच्या घरात एक मामू दात पडून गेला, आणि आम्ही तिघी बहिणींनी त्याचे नावही न ऐकता मुले जन्माला घातली. मधलीच्या मुलाची सुन्नत सात वर्षांपूर्वी निर्धोक झाली. तेव्हा आम्हाला वाटले होते की त्यात आमचे काहीतरी शहाणपण होते.

आता थोडे त्या आजाराविषयी, कारण आमच्या मते हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक आईला आणि सासूला हे ठाऊक असायला हवे. हिमोफिलिया ए साधारण ५,००० मुलग्यांत एकाला असतो. दोष आईकडून येतो, आईला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. अशा आईच्या प्रत्येक मुलग्याला तो असण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलगी तो पुढे नेणारी असण्याची शक्यताही निम्मी. म्हणून बापाच्या खानदानात सात पिढ्या बिनघोर सुन्नत झाली असेल, तरी त्याने काही सिद्ध होत नाही. विचारायचे आईच्या माहेरी: मामू, आईचे मामू, खालाची मुले. कोणाचे दात पडल्यावर रक्त थांबले नाही का, गुडघे वारंवार सुजायचे का, लहानशा माराने काळेनिळे व्हायचे का, सुन्नतीच्या वेळी त्रास झाला का. आणि लहानपणी वारलेल्या मुलग्याविषयी तर जरूर विचारायचे. आपल्या घरांत अशा मुलांची नावे घेत नाहीत, आणि माहिती त्यांच्याबरोबरच दफन होते.

एवढे विचारूनही पुरे नाही, कारण सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घरात आधी कोणालाच हा आजार नसतो. सुन्नतीच्या जखमेतच तो पहिल्यांदा कळतो. छोट्या दवाखान्यांत बीटी-सीटी नावाची तपासणी करून ‘सगळं ठीक’ सांगतात. हिमोफिलिया असूनही ती नॉर्मल येऊ शकते. एपीटीटी नावाची तपासणी जास्त उपयोगाची, आणि शंका असेल तर फॅक्टर आठ मोजतात. ते मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांवर सोपवावे.

नवजात बाळाची सुन्नत करायची असेल तर आणखी एक गोष्ट. जन्मल्यावर बाळाच्या शरीरात व्हिटॅमिन के अगदी थोडे असते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात रक्त गोठण्याची ताकद कमी. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला मांडीत त्याचे इंजेक्शन देतात. ते दिले का, हे सुट्टीच्या कागदावर पाहावे. प्रसूती घरी झाली असेल तर हमखास विचारावे. आठव्या दिवशी रक्त आयुष्यात सर्वांत चांगले गोठते, असे संदेश मोबाईलवर फिरतात. पहिल्या काही दिवसांनंतर परिस्थिती सुधारते एवढे त्यात खरे, बाकी रंगवलेले. आजीही त्यावर हसल्या. देवाने सांगितले म्हणून आठवा दिवस, असे त्यांचे साधे म्हणणे.

आणि ज्या मुलाचे लघवीचे भोक टोकाला नसून खालच्या बाजूला असते, त्याची सुन्नत अजिबात करू नये. सुमारे ३०० मुलांत एकाला असे असते. वरची कातडी अर्धवट असल्याने मूल आधीच सुन्नत झाल्यासारखे दिसते, आणि आपल्या बायका खुश होतात की फरिश्त्यांनीच सुन्नत करून पाठवले. कोणी उरलीसुरली कातडी कापून ‘पूर्ण’ करते. पुढे शस्त्रक्रियेने दोष दुरुस्त करायला तीच कातडी लागते. मोहेलही अशा मुलाला हात न लावता डॉक्टरकडे पाठवतात.

ज्यूंचे सगळेच अनुकरणीय आहे असे मात्र नाही. त्यांच्यातल्या काही कट्टर गटांत मोहेल जखमेवर तोंड लावून रक्त ओढतो. त्यातून नवजात बाळांना हर्पीसची लागण झाली, न्यूयॉर्कमध्ये बाळे दगावली, आणि २०१२ साली तिथल्या आरोग्य मंडळाला या प्रकारासाठी पालकांची लेखी संमती सक्तीची करावी लागली. धार्मिक गटांनी त्यावर एवढे वादळ उठवले की २०१५ साली तो नियम मागे घेतला गेला. अनेक मोहेल आता निर्जंतुक नळी वापरतात. आजींना विचारले तर त्यांनी कानाला हात लावला. आपल्याकडे जखमेवर राख दाबणारे अजून आहेत, तेव्हा आपण फार बोलू नये. विधीत बाळाच्या ओठाला द्राक्षारसाचा थेंब लावतात. बेने इस्राएलांत तो काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत असे. त्याच वेळी नाव ठेवतात. नंतर मलिदा, म्हणजे पोहे, गूळ, खोबरे आणि फळे. तो शब्द तर आपलाच.

आमचा खरा प्रश्न मात्र पुढे उभा राहिला. धाकटीला दीड वर्षाने दुसरा मुलगा झाला, या वेळी पुण्यात, आधीपासून सांगून. नाळेतल्या रक्तावर तपासणी झाली. यालाही तेच.

अकीका सातव्या दिवशी झाला. जावळ काढले, नाव ठेवले, बकरे झाले. सुन्नत नाही. दादी रडल्या. आमच्या अम्मीनेही दबक्या आवाजात विचारले की मूल मुसलमान कसे म्हणायचे. मग दुल्हेभाई स्वतः दौंडच्या मौलानांकडे गेले. मौलानांनी सांगितले की कुरआनात खतन्याचा उल्लेख नाही, हदीसमध्ये फितरतच्या पाच गोष्टींत तो येतो. आपल्या हनफी मसलकात तो सुन्नत आहे, कोकणातल्या शाफईंकडे वाजिब. पण जिथे जिवाचा धोका आहे तिथे दोन्हीकडे सूट आहे. मूल कलम्याने मुसलमान असते, कातडीने नव्हे. आणि पुढे डॉक्टरांनी फॅक्टर देऊन सुरक्षितपणे करता येईल म्हटले, तर तेव्हा करा.

डॉक्टर म्हणतात तसे करता येते, पण मोठ्या रुग्णालयातच, आधी आणि नंतर अनेक दिवस फॅक्टर देऊन. घाई नाही. हिरवी शेरवानी पेटीत ठेवली आहे. धाकट्याला होईपर्यंत तिची फॅशन जाईल असे थोरली म्हणते.

अम्मीत मात्र बदल झाला. मागच्या महिन्यात शिरूरला एका लग्नात शेजारची एक सून पोटुशी दिसली. अम्मीने तिला बाजूला बसवले, डोक्यावरून हात फिरवला आणि दुआ देण्याआधी विचारले, “बेटी, तुला मामू किती? सगळे हयात आहेत ना?” ती पोरगी गोंधळली. अम्मीने तिच्या आईचा फोन नंबर मागून घेतला.